शेवटून पहिले

मॅरेथॉन पळून आलो असं मराठी माणसाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "अरे वा! मग, कितवा आलास?" मावशीने फोनवर हेच विचारलं, शाळेतल्या मित्रांनी विचारलं, आणि मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ हातावर ठेवता ठेवता एका काकांनीही विचारलं. त्यांचं काही चुकत नाही म्हणा. बालवाडीपासून कम्प्युटर इंजिनिअरिंगपर्यंत 'कितवा' हे एकच माप लावून घेत आपण सगळे मोठे झालो.

माझं खरं उत्तर असं: न्यूयॉर्क मॅरेथॉन, नोव्हेंबर २०२३, वेळ ५ तास ४१ मिनिटं. माझ्या पुढे चाळीस हजारांहून जास्त माणसं होती. त्यात माझी बायकोही होती. ती माझ्या तासभर आधी पोचली, गरम कपडे घालून, केळं खाऊन, माझी वाट बघत बसली होती. हे ऐकल्यावर काकांचा चेहरा जरा पडला. "म्हणजे शेवटून पहिला म्हण की!" असं म्हणून ते हसले. मीही हसलो.

पण 'शेवटून पहिला' हा शब्द डोक्यातून जाईना. ज्या शर्यतीत आपण जिंकणार नाही हे चार महिने आधीपासून पक्कं माहीत आहे, तिच्यात हजारो माणसं पैसे भरून, पहाटे चारला उठून का उतरतात? आणि जगातलं एक मोठं शहर त्यांच्यासाठी आख्खा दिवस रस्ते का बंद ठेवतं? हे पहिल्यापासून असं होतं का? इंजिनिअर माणूस, त्यामुळे एखादी सिस्टिम चालते कशी हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून मी वाचायला लागलो, आणि लक्षात आलं की मंद धावणाऱ्या माणसाला शर्यतीत मिळालेली जागा आपोआप आलेली नाही. ती काही माणसांनी, बऱ्याचदा भांडून, तयार केली आहे.

सुरुवातीला अशी जागा नव्हतीच. १८९६ साली अथेन्सला पहिलं आधुनिक ऑलिंपिक झालं आणि त्याच सप्टेंबरात अमेरिकेतली पहिली मॅरेथॉन कनेटिकटमधल्या स्टॅमफर्डहून न्यूयॉर्कपर्यंत, सुमारे २५ मैल, पळवली गेली. ३० जण निघाले, १० पोचले. पुढच्या वर्षी, १८९७ मध्ये, बॉस्टन मॅरेथॉन सुरू झाली. तिथे १५ जण सुरुवातीच्या रेषेवर होते. दोन्ही शर्यती जॉन मॅकडरमॉट नावाच्या एकाच माणसाने जिंकल्या! यावरून हे विश्व केवढंसं होतं ते कळतं. आज पाठ असलेलं ४२.१९५ किलोमीटर हे अंतरसुद्धा तेव्हा ठरलेलं नव्हतं. ते १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, विंडसर किल्ल्यापासून स्टेडियममधल्या शाही कक्षापर्यंतचं अंतर म्हणून आलं आणि १९२१ मध्ये अधिकृत झालं. म्हणजे शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये माझे जे हाल झाले त्याला इंग्रजांचं राजघराणं जबाबदार आहे!

आपला माणूसही या खेळात फार लवकर आला होता. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांमध्ये अनवाणी पळणारी शेतकऱ्यांची पोरं सर दोराबजी टाटांनी पाहिली आणि त्यांच्या पुढाकाराने १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारतातून एक छोटा संघ गेला. त्या संघातले बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले, २ तास ५० मिनिटांत. ती शर्यत ४२.७५ किलोमीटरची होती, म्हणजे आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त लांब. आता मला सांगा, पदक नाही म्हणून त्या धावेचं मोल कमी का? पण आपल्याकडे 'मॅरेथॉन' हा शब्द रुळला तो 'मॅरेथॉन बैठक' आणि 'मॅरेथॉन भाषण' असा, कंटाळवाणं आणि न संपणारं या अर्थाने. चौगुले मात्र फारसे कुणाला आठवत नाहीत. 'कितवा'चं उत्तर १९ वा आलं की माणूस विस्मरणात जातो, तो असा.

आता न्यूयॉर्ककडे येऊ. १९५८ साली ब्रॉन्क्समध्ये चाळीसेक धावपटूंनी मिळून एक क्लब काढला. आजच्या 'न्यूयॉर्क रोड रनर्स' या संस्थेचं ते बाळरूप. त्याचे पहिले अध्यक्ष टेड कॉर्बिट. यांच्या आजी-आजोबांची पिढी गुलामगिरीत जन्मलेली. कॉर्बिट स्वतः १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन पळाले. अमेरिकेच्या मॅरेथॉन संघातले ते पहिले कृष्णवर्णीय धावपटू. पोटापाण्याला फिजिओथेरपिस्ट. म्हणजे नोकरी सांभाळून पळणारा माणूस, तुमच्या-आमच्यासारखा (वेग सोडून!).

या कॉर्बिटसाहेबांनी जे केलं ते वाचून माझ्यातला इंजिनिअर खूश झाला. त्या काळात रस्त्यावरच्या शर्यतींची अंतरं अंदाजपंचे असायची. कुणी मोटारीच्या मीटरवर मोजायचं, कुणी नकाशावर. कॉर्बिट यांनी इंग्लंडमधल्या पद्धतीचा अभ्यास करून १९६४ मध्ये मोजणीवर एक पुस्तिकाच लिहिली. पद्धत साधी आहे: आधी पोलादी टेपने पक्कं मोजलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल चालवायची, चाकाचे किती फेरे झाले ते नोंदवायचं, आणि मग तीच सायकल शर्यतीच्या मार्गावरून, वळणांवर जवळात जवळची वाट धरून, न्यायची. टायरमधली हवा उन्हाने फुगते, म्हणून मोजणीच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा तपासणी. शिवाय चूक झालीच तर अंतर कमी भरू नये म्हणून हजारात एक भाग जास्त धरायचा. मॅरेथॉनला तो ४२ मीटर होतो. आजही जगभर मार्ग याच तत्त्वाने मोजतात. जीपीएसच्या जमानात सायकल! माझ्या मनगटावरच्या महागड्या घड्याळाने मॅनहॅटनच्या उंच इमारतींमध्ये मला नदीत पळवलं होतं, त्यामुळे सायकलवर माझा पूर्ण विश्वास आहे.

तुम्ही म्हणाल, याचा शेवटच्या धावपटूशी संबंध काय? आहे ना. पहिल्या येणाऱ्याला अंतर थोडं कमी-जास्त असलं तरी चालतं. तो पहिलाच असतो. पण ज्याची स्पर्धा स्वतःच्याच मागच्या वर्षाशी आहे, त्याला यंदाचे ४२ आणि गेल्या वर्षीचे ४२ सारखेच लागतात. अंतर पक्कं झालं तेव्हाच सामान्य धावपटूला स्वतःचा असा एक प्रतिस्पर्धी मिळाला: स्वतःच.

न्यूयॉर्क शहराची मॅरेथॉन सुरू झाली १३ सप्टेंबर १९७० रोजी. व्हिन्स चियापेटा आणि फ्रेड लेबो हे तिचे कर्तेकरविते. सगळी शर्यत सेंट्रल पार्कमध्येच, गोल गोल फेऱ्या मारत. प्रवेश फी एक डॉलर. १२७ जण निघाले, ५५ जण पोचले. बघायला शंभरेक माणसं. जिंकला गॅरी मर्की नावाचा अग्निशामक दलातला जवान, तोही रात्रपाळी करून आलेला. विजेत्यांना दिलेल्या ट्रॉफ्या दुसऱ्या खेळांच्या, उरलेल्या. आपल्या मंडळाच्या क्रीडादिनाची आठवण झाली की नाही?

आणि यातला मला सगळ्यात आवडलेला आकडा: आयोजक फ्रेड लेबो स्वतः पळाले आणि ५५ मध्ये ४५ वे आले. ४ तास १२ मिनिटं. रुमानियातल्या अराद गावात जन्मलेले, युद्धानंतर भटकत अमेरिकेत आलेले, कपड्यांच्या धंद्यातले गृहस्थ. धावपटू म्हणून बेताचे. मला वाटतं, न्यूयॉर्क मॅरेथॉन पुढे जी झाली त्याचं बीज इथे आहे. तिचा कारभार जिंकणाऱ्याच्या हाती नव्हता, ४५ व्या येणाऱ्याच्या हाती होता. मागे पळणाऱ्याला काय हवं असतं ते त्यांना सांगावं लागत नव्हतं.

पण दार अजून अर्धंच उघडं होतं. बायकांचा प्रश्न होता. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर पळून काही बायका दमल्या, एवढं निमित्त करून १९६० पर्यंत ऑलिंपिकमध्ये बायकांना २०० मीटरच्या पुढे पळू दिलं नव्हतं. बॉस्टनला १९६६ मध्ये बॉबी गिब झुडपात लपून बसली आणि मग पुरुषांच्या घोळक्यात शिरून पूर्ण शर्यत पळाली. १९६७ मध्ये कॅथरिन स्विट्झर २६१ नंबर लावून पळत असताना एका अधिकाऱ्याने तिला मार्गावरून ओढायचा प्रयत्न केला. तो फोटो जगभर गाजला. १९७२ मध्ये बॉस्टनने बायकांना अधिकृत प्रवेश दिला. आठ जणी निघाल्या, आठही पोचल्या! पहिली आली न्यूयॉर्कजवळची, मुलाबाळांची आई असलेली नीना कुसिक.

त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये खरी गंमत झाली. त्या वेळच्या अमेरिकन हौशी खेळाडू संघटनेचा नियम असा की बायका पुरुषांबरोबर निघणार नाहीत. त्यांची सुरुवात दहा मिनिटं आधी, वेगळी. १ ऑक्टोबर १९७२. बायकांसाठी पिस्तुलाचा बार झाला आणि कुसिकसह सहा जणी सुरुवातीच्या रेषेवर चक्क खाली बसल्या. हातात निषेधाचे फलक. सत्याग्रहच म्हणा ना! दहा मिनिटांनी पुरुषांसाठी बार झाला, तशा त्या उठल्या आणि सगळ्यांबरोबर पळाल्या. अधिकाऱ्यांनी त्यांच्या वेळेत दहा मिनिटं वाढवली. पण हा नियम पुढे टिकला नाही.

हे मी बायकोला वाचून दाखवलं. ती लहानपणी कोल्हापुरात शाळेच्या संघातून पळायची. दहावीनंतर 'आता पुरे' असं घरी ठरलं आणि बूट माळ्यावर गेले. इथे आल्यावर, मुलगी चार वर्षांची झाल्यावर, तिने पुन्हा सुरुवात केली. मी तिच्या मागून, अक्षरशः तिच्या मागून, आलो. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "दहा मिनिटं बसायचं आणि मग त्याच पायांनी बेचाळीस किलोमीटर पळायचं. मला जमलं नसतं." मला विचाराल तर तिला जमलं असतं.

१९७६ मध्ये दुसरा मोठा बदल झाला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याची दोनशे वर्षं, आणि न्यूयॉर्क शहर मात्र दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरून नुकतंच मागे फिरलेलं. अशा वेळी जॉर्ज स्पिट्झ नावाच्या धावपटूने सुचवलं की शर्यत पार्कच्या बाहेर काढून शहराच्या पाचही बरोंमधून न्यावी. मॅनहॅटनचे त्या वेळचे बरो प्रेसिडेंट पर्सी सटन यांनी ते उचलून धरलं, लेबो आधी कुरकुरले आणि मग कामाला लागले. एका वर्षापुरता म्हणून केलेला तो प्रयोग. नावं दिली २,०९० जणांनी, पोचले १,५४९. स्टेटन आयलंडहून व्हेराझानो पूल, मग ब्रुकलिन, क्वीन्स, मॅनहॅटन, ब्रॉन्क्सला स्पर्श करून परत सेंट्रल पार्क. हाच मार्ग थोड्याफार फरकाने आजही आहे. शर्यत लोकांच्या दारावरून जायला लागली आणि लोक दारात येऊन उभे राहिले. पंढरीची वारी गावातून जाते तेव्हा गाव जसं पाण्याचे हंडे घेऊन रस्त्यावर येतं, तसंच. ब्रुकलिनमध्ये एका अनोळखी आजींनी मला सोललेलं संत्रं दिलं, तेव्हा मला पालखीच्या दिवशीचं पुणं आठवलं.

त्याच १९७६ च्या शर्यतीत डिक ट्रॉम नावाचा एक माणूस होता. अपघातात त्याचा एक पाय गुडघ्याच्या वरून गेलेला. कृत्रिम पायावर तो इतरांच्या काही तास आधी निघाला आणि ७ तास २४ मिनिटांत पोचला. त्याच्याबद्दलचा एक लेख पुढच्या वर्षी कॅनडात एका अठरा वर्षांच्या मुलाला, पाय कापण्याच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री, त्याच्या प्रशिक्षकाने वाचायला दिला. तो मुलगा म्हणजे टेरी फॉक्स. कॅन्सर संशोधनासाठी १९८० मध्ये एका पायावर कॅनडा ओलांडायला निघालेला. बघा, कितवा आला हे कुणी विचारलं असतं तर ट्रॉमचं उत्तर काय होतं? आणि त्या उत्तरातून काय उभं राहिलं!

आणि आता ग्रेटे वाइट्स. नॉर्वेची ही शिक्षिका १९७८ मध्ये आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन न्यूयॉर्कला पळाली आणि २ तास ३२ मिनिटं ३० सेकंद असा जागतिक विक्रम करून बसली. १९८८ पर्यंत तिने ही शर्यत नऊ वेळा जिंकली. लेबोंना १९९० मध्ये मेंदूचा कॅन्सर झाला. इतकी वर्षं शर्यत भरवण्याच्या धावपळीत पाच बरोंचा मार्ग ते स्वतः कधी पळालेच नव्हते. १ नोव्हेंबर १९९२ रोजी, साठाव्या वर्षी, ते पळाले. सोबत कोण? नऊ वेळा जिंकलेली ग्रेटे. तिने स्वतःचा वेग बाजूला ठेवला आणि पूर्ण वेळ त्यांच्या पावलाला पाऊल मिळवलं. ५ तास ३२ मिनिटं ३४ सेकंद. दोघंही अंतिम रेषेवर रडले. लेबो ऑक्टोबर १९९४ मध्ये गेले. ती वेळ माझ्यापेक्षा नऊ मिनिटांनी चांगली आहे, हे मी अभिमानाने सांगतो.

झोई कोप्लोवित्झचीही गोष्ट सांगायला हवी. मल्टिपल स्क्लेरोसिस झालेली ही बाई १९८८ पासून कुबड्या घेऊन वर्षानुवर्षं न्यूयॉर्क मॅरेथॉन पुरी करत राहिली. तिला बऱ्याचदा चोवीस तासांहून जास्त वेळ लागे. म्हणजे दुसरा दिवस उजाडायचा. तिच्यासाठी एका वर्षी अंतिम रेषेवर थांबून राहिली ती ग्रेटे वाइट्सच. सगळ्यात पुढची बाई सगळ्यात मागच्या बाईची वाट बघत उभी!

आता आमच्यासारख्यांच्या तयारीबद्दल दोन शब्द. १८ आठवड्यांचा प्लॅन, अर्थातच एक्सेलमध्ये. सोमवारी सकाळी नेवार्कहून विमान, क्लायंटचं ऑफिस, रात्री हॉटेलच्या तळघरातली ट्रेडमिल आणि समोर आवाज बंद केलेल्या टीव्हीवर बातम्या. गुरुवारी परत. रविवारी पहाटे डेलावेअर-रॅरिटन कालव्याच्या काठाने लाँग रन: आधी १२ किलोमीटर, मग १६, २२, आणि शर्यतीच्या तीन आठवडे आधी ३२. आदल्या रात्री इथले लोक पास्ता खातात, आम्ही वरणभात. खिशात जेलऐवजी राजगिऱ्याची वडी. न्यूयॉर्कचा प्रवेश लॉटरीने मिळतो, पण क्लबचे सदस्य म्हणून आम्ही दुसरी वाट धरली: वर्षभरात नऊ शर्यती पळायच्या आणि एका शर्यतीत स्वयंसेवक म्हणून काम करायचं.

त्या एका दिवसाने मला नऊ शर्यतींपेक्षा जास्त शिकवलं. मी पाण्याच्या टेबलावर होतो. पुढचे धावपटू पेला न बघता उचलतात, अर्धा सांडतात, जातात. मधले 'थँक यू' म्हणतात. अगदी मागचे मात्र थांबतात, नावाची पट्टी वाचून आपल्याला नावाने हाक मारतात, विचारतात, "मागे अजून कुणी आहे का हो?" त्यांच्या मागून रस्ता झाडणाऱ्या गाड्या हळूहळू येत असतात. त्या गाड्यांच्या पुढे राहायचं, एवढीच त्यांची शर्यत. ती मला सोपी वाटली नाही. पहिल्या माणसाला दोन-सव्वादोन तासच पळायचं असतं. मागच्याला तेच अंतर सहा-सात तास, संपत आलेल्या उजेडात, बहुतेक टेबलं आवरली गेल्यावर पळायचं असतं.

१९७० मध्ये न्यूयॉर्कला ५५ जण पोचले होते. २०२४ मध्ये ५५ हजारांहून जास्त पोचले. हजारपट! ही वाढ जिंकणाऱ्यांची नाही. जिंकणारे तेव्हाही मूठभर होते, आजही मूठभर आहेत. ही वाढ आपली आहे. आणि तिच्यामागे तीन साध्या गोष्टी आहेत: कुणीतरी अंतर प्रामाणिकपणे मोजलं, कुणीतरी दारात बसून दार उघडायला लावलं, आणि कुणीतरी घड्याळ लवकर बंद केलं नाही.

मंडळी, म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीला एक सूचना. आपल्या उन्हाळी पिकनिकला लिंबू-चमचा होतो, पोत्याची शर्यत होते, पहिल्या तिघांना बक्षीस देऊन टाळ्या वाजतात आणि चौथा येईपर्यंत सगळे वडापावच्या रांगेत गेलेले असतात. पुढच्या उन्हाळ्यात एक पाच किलोमीटरची धाव ठेवूया. पळा, चाला, भारतातून आलेल्या आईबाबांना घेऊन या, स्ट्रोलर ढकलत या. अंतर सायकलने मोजून द्यायची जबाबदारी माझी. अट एकच: शेवटचा माणूस येईपर्यंत कुणी रेषा सोडायची नाही, आणि वडापाव त्यानंतर.

शुभ दीपावली!